सासऱ्यांच्या गाडीत ट्रकचं इंजिन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लांबलचक जुनी गाडी उभी असते. रंग गर्द हिरवा, चाकांवर चकचकीत बशा, मागच्या काचेला पडदा, आणि बॉनेटच्या मधोमध एक टेंगूळ. नवीन माणूस हमखास थांबतो आणि विचारतो, "हे काय?" गल्लीतलं कोणीही, अगदी पेपर टाकणारासुद्धा, चालता चालता सांगतं, "घमेलं आहे ते." नवीन माणसाचं त्यावर समाधान होत नाही, हे मी खिडकीतून कितीतरी वेळा पाहिलंय. माझ्याकडे वेळ आहे आणि सगळं त्या त्या दिवशी लिहून ठेवलेलंही आहे, म्हणून नीट सांगते.

गाडीच्या मालकांना गल्लीतली मुलं पोंपोंकाका म्हणतात. हयातभर त्यांनी ट्रक चालवला. ट्रक स्वतःचा, मध्यम आकाराचा, निळा. आठ-आठ दिवस बाहेर असायचे. परत आले की ट्रक मोठ्या रस्त्याला लावायच्या आधी कोपऱ्यावर दोनदा हॉर्न द्यायचे, पों, पों, आणि आत वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चहाचं पाणी चढवायच्या. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. आमच्या सिस्टर दार लोटतानासुद्धा आवाज होऊ द्यायच्या नाहीत. पहिली काही वर्षं मला त्या हॉर्नचा फार राग यायचा. पुढे आमचे हे गेले, आणि मग तो हॉर्न ऐकला की बरं वाटायला लागलं. कोणाचं तरी माणूस घरी आलं, एवढं तरी कळायचं.

आपलं लग्न हा काकांचा आवडता विषय. "दाढ काढायला गेलो आणि बायको घेऊन आलो," अशी सुरुवात ठरलेली. वहिनींचे वडील दातांचे डॉक्टर. दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला लेक बसायची. काकांची दाढ काढून झाली तरी ते "अजून ठणकतंय" म्हणून पुन्हा पुन्हा जात राहिले. शेवटी डॉक्टरांनी लेकीलाच विचारलं, "या गृहस्थांचं नक्की काय दुखतंय?" लग्नाला त्यांनी आडकाठी केली नाही. पण ट्रक ड्रायव्हर जावई त्यांच्या घशाखाली काही उतरला नाही.

ही हिरवी गाडी त्या डॉक्टरांची. ते स्वतः चालवत, स्वतः पुसत. लग्नानंतर पहिल्यांदाच सगळे मिळून बाहेर निघाले होते. डॉक्टर घराला कुलूप लावत होते, तेवढ्यात नवे जावई हौसेने स्टिअरिंगमागे जाऊन बसले. डॉक्टर गाडीपाशी आले. हनुवटी जराशी वर, नजर जावयाकडे नाही, दाराच्या कडीवर, आणि एकच शब्द: "उतरा."

"'उतर' नाही म्हणाले," काका सांगायचे. "'उतरा' म्हणाले. जावयाचा मान ठेवला आणि गाडीतून काढलं."

ही नक्कल काका करत, पण वहिनी त्यांच्याहून सरस करत. हनुवटी, नजर, सगळं हुबेहूब. आम्ही पोट धरून हसायचो. पुढे डॉक्टर गेले, गाडी लेकीकडे आली, आणि बघतात तर इंजिनाच्या ब्लॉकला तडा. त्या इंजिनाचे सुटे भाग बनायचे थांबून जमाना झाला होता. त्यामुळे सासऱ्यांच्या गाडीचं स्टिअरिंग हातात घेण्याचा योग काकांना आलाच नाही. गाडी घरामागच्या शेडमध्ये चादरीखाली गेली आणि तिच्या मागच्या सीटवर गोधड्या, रद्दी, जास्तीच्या उशा असं काय काय राहू लागलं.

मग एका सकाळी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा तोंडात एवढेच शब्द उरले होते: "राहू दे." भूक लागली, राहू दे. पाणी नको, राहू दे. राग आला की राहू दे, आणि मी भेटायला गेले तर माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, राहू दे, राहू दे. तपासणारे डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो. काका त्याला डॉक्टरांपेक्षा लवकर सरावले. "सरकार काय म्हणतायत ते सुरावर ठरतं," ते म्हणायचे. बायकोला ते सरकारच म्हणतात. सूर चुकीचा लावला की शिव्याही त्याच शब्दांत खायचे.

हातापायांत जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाच्या दवाखान्यात जायला हवं. पहिल्या खेपेला भाड्याची गाडी आणली. ड्रायव्हर आणि त्याच्या सोबत्याने वहिनींना पोतं उचलावं तसं उचललं, आत कोंबलं, डोकं दाराच्या चौकटीला लागलं, आणि ती खेप तिथेच संपली. दुसऱ्या खेपेला गाडी दारात आली तेव्हा वहिनींनी डाव्या हाताने पलंगाचा गज असा धरला की आम्हा तिघांना सोडवेना. "राहू दे." त्या वेळी सूर लावायची गरज पडली नाही. त्यानंतर गाड्या आल्या आणि परत गेल्या. इकडे उजव्या हाताची बोटं दिवसेंदिवस आत वळत चालली होती. मूठ उघडून तळहात पुसायचा तरी काकांना एकेक बोट सोडवावं लागे.

एका दुपारी काका माझ्या दारात उभे राहिले. "ताई, ती बसली."

"कुठे बसली?"

"बापाच्या गाडीत. सहज शेडमध्ये नेली, खुर्ची दारापाशी लावली. आपल्या आपण सीटवर हात टेकवला आणि सरकली आत. सोफ्यासारखी सीट आहे ना ती, आणि दार हे एवढं उघडतं. ताठ बसली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे चला." ते माझ्या पायरीवर बसले. "आता तिला काय सांगू? की पुढे इंजिनाच्या जागी मडकं आहे म्हणून?"

त्यांचा निळा ट्रकही त्याच सुमारास म्हातारा ठरून रस्त्यावरून उतरला होता. सांगाडा गंजलेला, पण इंजिन अलीकडेच नव्याने बांधून घेतलेलं. ट्रक क्लीनरच्या गॅरेजात उभा होता, भंगारवाला न्यायला येणार होता. क्लीनर म्हणजे काकांचा जुना क्लीनर. आता त्याचं स्वतःचं मोठं गॅरेज आहे, केस पिकलेत, हाताखाली माणसं आहेत, तरी आमच्याकडे तो क्लीनरच, आणि काका त्याचे उस्ताद. काकांनी त्याला फोन केला. मी तिथेच बसले होते, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"उस्ताद, ट्रकचं इंजिन गाडीत? वहिनींची तब्येत बिघडलीय की तुमची?"

"माप घेऊन ये."

"बसणार नाही."

"तू माझ्या ट्रकमध्ये पहिल्या दिवशी झोपलास तेव्हा पाय बाहेर होते. नंतर बसलास ना?"

क्लीनर दुसऱ्या दिवशी माप घेऊन आला.

सगळ्यांना हे वेड पटलं होतं अशातला भाग नाही. दूरच्या शहरातल्या लेकीने फोनवर बापाला फैलावर घेतलं. "आई अंथरुणावर आणि तुम्ही लोखंडाशी खेळताय." समोरचे हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून शांततेच्या बाबतीत फार काटेकोर; त्यांनी गच्चीतून विचारलं, "हे किती दिवस चालणार?" खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, की आजारपणाच्या खोलीतून सुटका म्हणून या माणसाने हे काढलंय. पण मी गेले तेव्हा वहिनींची खुर्ची शेडच्या दारात होती, मांडीवर शाल, पायाखाली पाट, आणि काका गाडीखाली. आजारपणाची खोलीच त्यांनी शेडमध्ये हलवली होती. औषधाच्या बाटल्या पान्यांच्या शेजारी मांडलेल्या. मीही माझी खुर्ची तिथेच टाकली. माझ्या जुन्या डायऱ्यांतून गल्लीतल्या गोष्टी वहिनींना वाचून दाखवायचे. हेडमास्तरांच्या टोपीवर माकड बसलं होतं त्या दिवसाची नोंद ऐकताना त्या अर्ध्या तोंडाने हसल्या, आणि गाडीखालून काकाही हसले. मग खालून खणकन आवाज आला, कारण हसताना त्यांचं डोकं आपटलं होतं.

जुनं इंजिन निघालं, नवं साखळीच्या कप्पीवर टांगून आलं, आणि मग कळलं की क्लीनर खोटं बोलत नव्हता. लांबीला ते आखूड, पण उंच आणि भलतंच जड. खालचं तेलाचं चेंबर गाडीच्या आडव्या दांडीवर टेकत होतं. ती दांडी कापून, खाली वाकवून पुन्हा जोडावी लागली. इंजिन जाग्यावर बसवलं तसं गाडीने पुढून नाक टाकलं, एखादी बाई सुई शोधायला वाकते तशी. मग पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलले. ट्रकचा गिअर जमिनीतून वर आला तो बरोबर वहिनींच्या गुडघ्यापाशी. वहिनींना बसवून बघितलं.

"लागतो का?" काकांनी विचारलं.

"राहू दे."

"लागत नाही म्हणतायत," क्लीनर म्हणाला.

"लागतो म्हणतायत," काका म्हणाले. "माझ्या आईबद्दल बोलताना हाच सूर असायचा."

गिअरची दांडी तापवून काकांच्या बाजूला वाकवली. ती आता वळण घेऊन येते, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी.

शेवटी बॉनेट. ते मिटेना. इंजिनाचं डोकं वर राहत होतं. मी कॉन्व्हेंटात शिवण शिकलेली; मी सुचवलं की मधोमध चुण्या घेऊन फुगवटा काढा, कागदाचा नमुनाही कापून दिला. क्लीनरने तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ आदराने पाहिला. मग शेजारच्या बांधकामावर गेला, गवंड्याकडून एक लोखंडी घमेलं मागून आणलं आणि बॉनेटला पाडलेल्या भोकावर पालथं घातलं. इतकं चपखल बसलं की मी माझा नमुना उचलून घडी घालून ठेवला. झाळून, घासून, त्यावर हिरवा रंग मारला. गल्लीतल्या मुलांनी संध्याकाळपर्यंत गाडीचं नाव ठेवलं होतं: टेंगूळबाई.

पहिल्यांदा चालू करायचा दिवस आला. सकाळची वेळ. ब्रेक झाले होते, टायर नवे होते, रेडिएटरमध्ये पाणी होतं. वहिनी खुर्चीत, मी चहाचा ट्रे घेऊन, क्लीनर बॉनेटपाशी. काका स्टिअरिंगमागे बसण्याआधी क्षणभर थांबले, घराच्या दाराकडे बघितलं, कोणी कुलूप लावून येत नाहीये ना अशा नजरेने. मग बसले. किल्ली फिरवली.

इंजिनाने दोन आचके दिले आणि धरलं. शेडचे पत्रे थरथरले, माझ्या ट्रेमधल्या कपांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो निळ्या ट्रकचा जुना धडधडाट अख्ख्या गल्लीत घुमला. क्लीनरने दोन्ही हात वर केले. काकांनी डोळे मिटून ऐकलं. थोडा वेळ ऐकून त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

इंजिन चालूच.

त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली. काढून बघितली. किल्ली हातात आणि इंजिन खुशाल धडधडतंय.

"उस्ताद, बंद करा," क्लीनर ओरडला.

"करतोय."

"ओढा ना."

"काय ओढू?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला हे त्यांनी नंतर समजावून सांगितलं. ट्रकचं डिझेल इंजिन किल्लीने थांबत नाही. त्याला एक तार असते, ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. काकांच्या ट्रकमध्ये त्या तारेची मूठ फार पूर्वी मोडली होती. तिथे सुतळीचा फास होता. ट्रक उभा केला की जेवणाच्या डब्याकडे हात नेता नेता काकांची करंगळी तो फास आपसूक ओढत असे. इतकी वर्षं करंगळी ते काम करत होती आणि डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. एकेक नट आठवून आठवून नव्या घरी आणला, आणि इंजिन थांबवायची तार तेवढी राहिली. सासऱ्यांच्या गाडीत किल्ली फिरवली की सगळं गप्प होतं, हे मात्र पक्कं लक्षात होतं.

आता एकच गोंधळ. हेडमास्तर दारात: "बंद करा ते." मी: "बंद करा हो काका." क्लीनर म्हणाला, हवेच्या तोंडावर काहीतरी सपाट दाबलं की गुदमरून मरेल, काहीतरी सपाट आणा. मी घरात धावले. माझ्या वयाला धावणं म्हणजे काय ते समजून घ्यावं. पाव कापायची फळी घेऊन परत आले. क्लीनरने ती घेतली, इंजिनावर वाकला, आणि त्या सगळ्या धडधडाटात मागून आवाज आला.

"राहू दे."

आम्ही वळलो. वहिनींनी डावा हात उचलला होता. बोट गाडीच्या दाराकडे. "राहू दे," त्या पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, आणि त्यांनी क्लीनरकडे असं बघितलं की त्याने फळी पाठीमागे लपवली.

"उस्ताद, काय म्हणतायत?"

काका गाडीतून उतरले होते. "काही नाही," ते म्हणाले. "जे म्हणतायत तेच म्हणतायत."

या वेळी त्या शब्दांचा अर्थ अगदी त्या शब्दांचाच होता. इंजिन चालू आहे ना, राहू दे. दार उघडलं, खुर्ची लावली, आणि वहिनी डावा हात टेकवून सरकल्या आत. "ताई, चला," काकांनी मला मागे बसवलं, रद्दी आणि उशांच्या मध्ये, मांडीवर पावाची फळी. क्लीनर दुसऱ्या बाजूने चढला. हेडमास्तरांनी विचारलं, "अहो, निघालात कुठे?" काका म्हणाले, "जिथे जायचं होतं तिथे."

शहराच्या त्या टोकापर्यंत गाडी न थांबता गेली, आणि पोचल्यावर दवाखान्यासमोर न थांबता उभी राहिली. व्यायामाच्या तरुण बाई कानावर हात ठेवून बाहेर आल्या. "हा काय आवाज आहे? आत पेशंट आहेत." तेवढ्यात त्यांनी पुढच्या सीटवरच्या वहिनींना पाहिलं. "या का त्या, ज्या येत नाहीत?"

"आल्या," काका म्हणाले.

त्या दिवशी वहिनींनी पहिल्यांदा व्यायाम केला. बाहेर क्लीनर गाडीत राखणीला बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की साहेब आत गेलेत, आत्ता येतील. घरी परतल्यावर काकांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेकवर पाय रोवला आणि क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन मेलं. कानांत नुसती शांतता वाजायला लागली.

"हे असं थांबवता येतं?" मी विचारलं. "मग सकाळी का नाही केलं? मला कशाला धावायला लावलंत?"

"सकाळी आधी सुचलं नाही. सुचलं तेव्हा सरकारचा हुकूम निघाला होता."

त्यानंतर गाडीच्या कागदांसाठी वाहनांच्या कचेरीतले साहेब तपासणीला आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, घमेल्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ही नक्की आहे काय?" क्लीनर म्हणाला, "माहेरकडून गाडी, सासरकडून ट्रक." साहेब हसले, पण तार बसवल्याशिवाय सही मिळणार नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तर तार. क्लीनरने ती काकांच्या करंगळीपाशी आणायची तयारी केली होती. काका त्याला थांबवून व्यायामाच्या बाईंचं बोलणं सांगू लागले. बाई म्हणाल्या होत्या, चेंडू दाबा, दोरी ओढा असं सांगितलं की पेशंट कंटाळतात. हाताला एखादं असं काम द्या की ते झाल्याशिवाय पुढचं अडेल. काकांनी तार दोघांच्या मधोमध आणली, पण वहिनींच्या उजव्या हाताला सोपी आणि स्वतःला अवघड पडेल अशी. टोकाला मूठ लावली ती सासऱ्यांच्या दवाखान्यातल्या हत्यारांच्या कपाटाची, पांढऱ्या चिनी मातीची, कागदी लिंबाएवढी.

"आता इंजिन सरकारच बंद करणार," ते म्हणाले.

सुरुवातीचे दिवस गल्लीच्या लक्षात राहतील. गाडी दारात यायची, पों पों व्हायचं, ट्रकचा हॉर्नही आता तिच्यातच होता, आणि मग धडधड, धडधड, धडधड. वहिनींची बोटं मुठीपर्यंत पोचायची तर वळायची नाहीत, वळली तर धरायची नाहीत, धरलं तर ओढायला जोर यायचा नाही. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसायचे. मी खिडकीत. चहा निवायचा. हेडमास्तर गच्चीत यायचे: "झालं का?" काही दिवसांनी विचारायचे, "आलं का हाताला?" आणि आणखी काही दिवसांनी, कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून, "ओढा, वहिनी, ओढा." कधी ती मूठ जराशी यायची, इंजिन अडखळायचं, आणि पुन्हा तार आत जाऊन धडधड सुरू. फारच वेळ लागला की काका मुकाट्याने क्लच सोडून गाडी बंद करायचे. पण मुठीला त्यांनी हात लावला तो एकदाच. मदतीला म्हणून. वहिनी म्हणाल्या, "राहू दे," आणि काकांनी हात असा मागे घेतला, जसा काही चटका बसला.

लेक रजा काढून आली होती. भांडायच्या तयारीने आली होती, हे तिच्या बॅग ठेवण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी ती मागच्या सीटवर बसून आईबरोबर व्यायामाला गेली. परत आल्यावर नेहमीची धडधड झाली, आणि त्या दिवशी मूठ निम्म्यापर्यंत आली. उतरून ती माझ्याकडे आली आणि उगीचच माझे कप विसळायला लागली.

"मावशी, बाबा फोनवर नीट सांगत का नाहीत हो?"

"काय सांगणार? की तुझ्या आजोबांच्या कपाटाची मूठ काढून गाडीला लावली म्हणून?"

ती हसली, एक कप फोडला, आणि मग बसून थोडं रडली. ते दोन्ही मी तिला करू दिलं.

ऋतू पालटला. वहिनी काठी घेऊन शेडपर्यंत चालू लागल्या. तळहात पुसायला बोटं सोडवावी लागत नाहीत, असं काका एकदा म्हणाले आणि लगेच विषय बदलला. शब्द मात्र तेवढेच.

त्या दुपारी मी खिडकीशी बसून बटणं लावत होते. पों पों झालं. गाडी दारात आली, आणि धडधड थांबली. इतक्या लवकर थांबली की मला वाटलं, गेलं इंजिन, मोडलं काहीतरी. सुई तशीच टोचून मी बाहेर आले.

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. नजर त्या पांढऱ्या मुठीवर. मूठ तारेसकट पूर्ण बाहेर आलेली होती. वहिनींचा उजवा हात मांडीवर परत जाऊन शालीवर पडला होता, आपण काही केलंच नाही अशा थाटात. काका जागचे हललेही नाहीत. बसून राहिले.

आता वहिनींना उतरायचं तर बाहेरून काकांनी जाऊन दार धरावं लागतं. त्यांनी थोडी वाट पाहिली. काकांकडे पाहिलं. मग त्यांची हनुवटी जराशी वर गेली, नजर दाराच्या कडीवर स्थिरावली, आणि ओठ आधी जुळवून बघितल्यासारखे हलले.

"उतरा," वहिनी म्हणाल्या.

शब्द जरा घसरटा होता, पण सूर डॉक्टरांचा.  काका असे हसायला लागले की कपाळ स्टिअरिंगवर टेकलं, हॉर्न दाबला गेला आणि तो वाजतच राहिला. वहिनीही हसत होत्या, त्यांचं अर्ध्याहून बरंच जास्त तोंड आता हसतं, आणि हसता हसता पुन्हा म्हणाल्या, "उतरा, उतरा."

हेडमास्तर गच्चीत धावत आले. "अहो, आता काय झालं?"

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, डोळे पुसले आणि ओरडून सांगितलं, "मास्तर, सासऱ्यांनी पुन्हा गाडीतून काढलं."